दूरचे भिंग

स्वस्त वस्तू विकताना ती स्वस्त का आहे हे दुकानदार सांगत नाही. ते काम तो त्या वस्तूवरच सोपवतो, आणि वस्तू ते यथावकाश, पण अत्यंत सचोटीने पार पाडते. माझ्या टेलिफोटो झूम लेन्सने ते कसे पार पाडले, त्याची ही हकिकत आहे.

बंगळुरास बदली होऊन मला तेव्हा सहा वर्षे झाली होती. कॅमेरा त्यापूर्वीच घेतला होता, तोही वापरलेलाच. त्याच्याबरोबर आलेले १८ ते ५५ मिलिमीटरचे लहानसे भिंग मुलीच्या वाढदिवसाला आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाला पुरत असे. परंतु डॉक्टरांच्या सल्ल्यावरून मी लालबागेत पहाटे फिरावयास जाऊ लागलो आणि माझ्या समाधानाला ग्रहण लागले. तेथील तळ्याच्या काठी रोज तीन-चार गृहस्थ तिपाई रोवून उभे असत. त्यांच्या कॅमेऱ्यांना जडवलेली भिंगे लहानशा तोफांसारखी दिसत. तळ्यातल्या खडकावर पंख पसरून बसलेला पाणकावळा माझ्या चित्रात तिळाएवढा येई. त्यांच्या चित्रात त्याचा हिरवा डोळा दिसे. मी एकदा धीर करून एका गृहस्थांना भिंगाची किंमत विचारली. त्यांनी ती इतक्या सहजपणे सांगितली की, ती माझ्या वर्षाच्या पगारात बसत नाही हे ध्यानात यावयास मला फाटकापर्यंतचा रस्ता लागला.

मत्सराला सरकारी वेतनश्रेणीची मर्यादा असते. मी शहरातल्या एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानी गेलो आणि ७० ते ३०० मिलिमीटरचे एक वापरलेले झूम भिंग साडेसात हजारांना पसंत केले. माझ्यापाशी साडेपाचच होते. दुकानदाराने माझ्या कॅमेऱ्यावरच्या लहान भिंगाकडे पाहिले आणि म्हणाला, "हे ठेवून जा. हिशेब पुरा." मी क्षणभरही विचार केला नाही. जवळचे काय, ते तर डोळ्यांनीही दिसते. भिंग हवे ते दूरचे पाहावयासाठी, असा तेव्हा माझा सिद्धांत होता.

घरी आल्यावर पत्नीने ते लांबोडके नळकांडे हातात घेऊन पाहिले व म्हणाली, "अहो, आता मुलीचे फोटो कशाने काढायचे?" मी म्हणालो, "तिला जरा लांब उभी करू."

पहिल्याच आठवड्यात भिंगाने आपली कैफियत मांडावयास सुरुवात केली. भिंगावर जो तोंडाचा आकडा छापलेला असतो, त्याचा अर्थ मी तोवर नीट समजून घेतला नव्हता. भिंगाच्या नाभीय अंतराला त्याच्या उघड्या तोंडाच्या व्यासाने भागले की तो आकडा येतो. माझे भिंग ३०० मिलिमीटरवर ५.६ पर्यंतच उघडे. म्हणजे त्याचे तोंड उणेपुरे ५४ मिलिमीटरांचे. त्या तोफवाल्या गृहस्थांपैकी एकाचे भिंग तेवढ्याच पल्ल्याचे, पण २.८ चे होते. त्याचे तोंड १०७ मिलिमीटर. व्यास दुप्पट, म्हणून प्रकाश चौपट. किंमत मात्र चौपटीवर थांबत नाही. प्रकाश हीच खरी संपत्ती. श्रीमंताचे भिंग पहाटेही पोटभर जेवते आणि गरिबाचे भिंग ऊन वर येईपर्यंत उपाशी राहते.

त्यात आणखी एक अडचण होती. माझ्या कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारी काच जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान असल्याने ३०० मिलिमीटरचे भिंग तिच्यावर ४५० चे असल्याप्रमाणे वागते. ही बढती ऐकावयास गोड आहे. परंतु आपल्या खात्यातील पुष्कळशा बढत्यांप्रमाणे तिच्यात कामच तेवढे वाढते. हातात धरलेला कॅमेरा जितका लांबचा पाहतो, तितका हाताचा कंप चित्रात मोठा होतो. जुन्या छायाचित्रकारांचा ठोकताळा असा की, भिंगाचा जो आकडा असेल, सेकंदाचा तितकावा भाग हीच कमाल मुदत. म्हणजे मला सेकंदाच्या पाचशेव्या भागात चित्र उरकावयास हवे होते. आणि लालबागेच्या झाडाखाली पहाटे साडेसहाला माझे भिंग साठावा भाग मागत होते. महागड्या भिंगांत कंप सावरण्याची यंत्रणा असते. माझ्या भिंगात तिच्यासाठी जागादेखील नव्हती.

परिणामी माझ्या पहिल्या शंभर चित्रांतले सगळे पक्षी हिवतापाने थरथरत असल्यासारखे आले. त्यातच भिंगाची आपोआप नेम धरणारी मोटर जात्यासारखी घरघर करी, पुढे जाई, मागे येई, पुन्हा पुढे जाई. आणि तिचा निर्णय होईपर्यंत खंड्या आपला मासा घेऊन समोरच्या काठी पोचलेला असे. पांढरा बगळा काळ्या पाण्यासमोर टिपला की त्याच्या मानेभोवती जांभळी किनार उमटे. या किनारीचा इतिहास मात्र मोठा मानाचा आहे. भिंगातून जाताना निरनिराळे रंग निरनिराळ्या प्रमाणात वाकतात, तेव्हा हा दोष कधी जाणारच नाही असे खुद्द न्यूटनला वाटले, आणि १६६८ मध्ये त्याने भिंगाऐवजी आरसा बसवून आपली दुर्बीण केली. पुढे दोन जातींच्या काचा एकत्र जोडून ही किनार पुष्कळशी पुसता येते असे आढळले, आणि १७५८ मध्ये लंडनच्या जॉन डॉलंडने त्याचे पेटंट घेतले. माझ्या भिंगातही ही जोडणी होती. पण ती काटकसरीने केलेली होती. बगळ्याच्या मानेवरून मी न्यूटनपर्यंत पोचलो याचे समाधान मानून घेतले.

हळूहळू मला त्याच्या खोडी कळू लागल्या. ३०० च्या टोकाला ते मऊ पडे. २०० वर पुष्कळच बरे असे. तोंड ८ पर्यंत बारीक केले की रेषा उठून दिसत. पण मग ऊन भरपूर हवे. म्हणून पहाट सोडून मी साडेआठला जाऊ लागलो व कचेरीत उशिरा पोचू लागलो. तिपाई घेण्याइतके पैसे नव्हते, तेव्हा अर्धा शेर तांदूळ कापडी पिशवीत शिवून ती कठड्यावर ठेवावयाची आणि तिच्यावर भिंग टेकवावयाचे, ही युक्ती कोणीतरी सांगितली. ती उत्तम आहे. तांदूळ भिंगाच्या आकाराचा होतो आणि हाताचा कंप गिळून टाकतो. पत्नीने पिशवी शिवून दिली, फक्त एवढेच विचारले, "हे कोलम पुन्हा भातासाठी परत यायचे आहेत ना?"

अशा रीतीने एका हिवाळ्याच्या अखेरीस मला लालबागेच्या तळ्यातल्या एका बदकाचे चांगले चित्र मिळाले. चोच काळी, तिचे टोक पिवळे आणि कपाळाशी दोन तांबडे ठिपके. आपल्याकडे त्याला हळदीकुंकू म्हणतात. सकाळी त्या तळ्याकाठी शेकडो माणसे येतात, पण त्या पक्ष्याला त्या नावाने ओळखणारा त्या दिवशी मी एकटाच असेन. मला उगाचच भरून आले. चित्र आईला पाठविले. तिने दूरध्वनीवर सांगितले, "छान आहे. पण तू कसा आहेस, दिसतोस कसा, ते कधी पाठवत नाहीस."

या नादात मी वाचनही बरेच केले. टेलिफोटो भिंगाची कल्पना १८९१ साली इंग्लंड-जर्मनीत दोघा-तिघांना एकाच सुमारास स्वतंत्रपणे सुचली. पुढचे भिंग प्रकाश एकवटते व मागचे त्याला किंचित पसरवते, त्यामुळे लांब पल्ल्याचे भिंग आखूड नळीत मावते. एका भिंगात अनेक पल्ले सामावणारे, साध्या कॅमेऱ्यासाठी बाजारात आलेले पहिले झूम मात्र १९५९ चे. फोक्टलेंडर कंपनीचे ते 'झूमार' ३६ ते ८२ मिलिमीटरचे होते. आज जी वस्तू मी बसमध्ये मांडीवर घेऊन फिरतो, ती आमच्या वडिलांच्या बालपणी चमत्कारात जमा होती.

आणि या कर्नाटकाच्या भूमीत ती वस्तू हाती नसतानाही लोकांनी काय केले आहे! टी. एन. ए. पेरुमाळ (१९३२–२०१७) बंगळूरचे. भारतातील वन्यजीव छायाचित्रणाच्या अग्रगण्य पुरुषांत त्यांची गणना होते. दुसरे नाव घेताना आपल्याला थोडा अभिमान वाटावयास हरकत नाही. बळ्ळारीकडचे संडूर हे जुने मराठा संस्थान. तेथील घोरपडे घराण्यातले एम. वाय. घोरपडे (१९३१–२०११) कर्नाटकाचे अर्थमंत्री होते, आणि अर्थसंकल्पाच्या आकड्यांतून वेळ काढून जंगलात कॅमेरा घेऊन बसत. त्यांच्या कृष्णधवल छायाचित्रांची कीर्ती देशाबाहेर गेली. 'सनलाइट अँड शॅडोज' हे त्यांचे पुस्तक १९८३ मध्ये निघाले. त्या पिढीला एका फिल्मवर ३६ चित्रे मिळत; चित्र बिघडले की नाही हे ती धुऊन झाल्यावर कळे. त्यामुळे त्यांना पक्ष्याच्या घरट्याजवळ आडोसा करून त्यात तासन् तास बसावे लागे. म्हणजे त्यांनी अंतर भिंगाने कमी केले नाही, बैठकीने कमी केले. हे वाचले तेव्हा मला ते केवळ कष्टाचे वाटले होते.

लालबागेत एक प्रचंड खडक आहे. त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे सांगतात, आणि त्याच्या माथ्यावर केंपेगौडाच्या नावाचा छोटा बुरूज आहे. पायथ्याशी उभे राहून माझ्या भिंगातून पाहिले की त्या बुरुजामागे मैलभर दूर असलेल्या उंच इमारती त्याला चिकटून उभ्या असल्यासारख्या दिसतात. लोक म्हणतात, लांबचे भिंग अंतर दाबून टाकते. वस्तुतः भिंगाचा यात काही अपराध नाही. तेथूनच लहान भिंगाने चित्र काढून त्याचा मधला तुकडा मोठा केला तर तोही तसाच दिसेल. लहानमोठेपणाचे प्रमाण आपण कोठे उभे आहोत यावर ठरते. भिंग फक्त आजूबाजूचे सारे कापून टाकते, म्हणून मधली वाट दिसेनाशी होते.

या कापून टाकण्याची मला चटक लागली होती, हे कबूल केले पाहिजे. पक्ष्यांवरून मी माणसांवर आलो. बसथांब्यावर चाफ्याची फुले विकणारी बाई, पिंपळाच्या पारावर वर्तमानपत्र वाचणारे म्हातारे, शाळेच्या फाटकाशी रडणारे मूल; सारे दुरून, त्यांच्या नकळत. बोलावे लागत नाही हे या भिंगाचे सर्वांत मोठे सुख. सहा वर्षे या शहरात राहून मला कन्नड येत नव्हते. 'कन्नड गोत्तिल्ल' हे दोन शब्द तेवढे अस्खलित येत. कन्नड येत नाही, हे आपण कन्नडमध्ये सांगतो आणि सुटतो. आपल्यापैकी कितीजण या दोन शब्दांवर सेवानिवृत्तीपर्यंत पोचले असतील! मंडळाच्या प्रत्येक समारंभात कोणीतरी सांगतो की, १६३८ नंतर बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती. टाळ्या पडतात. पावणेचारशे वर्षांपूर्वीची जहागीर आपण विसरत नाही. रोज कोथिंबीर देणाऱ्या बाईचे नाव मात्र आपण कधी विचारलेले नसते. निदान मी विचारले नव्हते.

अशा मनःस्थितीत फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी कोक्करे बेळ्ळूरला गेलो.

हे गाव मंड्या जिल्ह्यात, मद्दूर तालुक्यात, बंगळूरपासून साधारण ८० किलोमीटरवर आहे. मी मैसूरच्या गाडीने मद्दूरपर्यंत गेलो, स्टेशनावर तेथला प्रसिद्ध वडा खाल्ला आणि पुढे बसने गावात उतरलो. उतरल्याबरोबर वरून काहीतरी खांद्यावर पडले. ते पेलिकनने टाकले होते. मान वर करून पाहतो तो रस्त्याकडेच्या चिंचेवर वीसएक घरटी आणि त्यांत चोचीखाली झोळी लोंबणारे ते अवजड, राखी पक्षी. शेजारच्या झाडावर पाठीच्या टोकाला गुलाबी पिसे मिरवणारे चित्रबलाक करकोचे. घरांच्या कौलांवर, गोठ्यावर, वाळत घातलेल्या लुगड्यावर विष्ठेचे पांढरे शिंतोडे. हवेत मासळीचा उग्र वास. पिलांचा एकसारखा कर्कश गलका. आणि या साऱ्याखाली बायका निवांत भांडी घाशीत बसल्या होत्या.

कोक्करे म्हणजे करकोचा. गावाचे नावच पक्ष्यांवरून पडले आहे. हे पक्षी हिवाळ्यात येतात, गावातल्या चिंचा-पिंपळांवर घरटी बांधतात, पिले वाढवतात आणि पाऊस लागण्याच्या सुमारास निघून जातात. गावकरी त्यांना हुसकीत नाहीत. घरटी असतात तोवर त्या झाडांची चिंचही उतरवीत नाहीत. त्या नुकसानीबद्दल वनखाते त्यांना काही भरपाई देते. झाडाखाली साठलेली विष्ठा ते खत म्हणून शेतात नेतात. घरट्यांतून पडलेल्या पिलांना कुंपणात ठेवून मासे भरवण्याचे काम गावातल्या तरुणांनी अंगावर घेतले आहे. त्यांच्या मंडळाचे नाव 'हेज्जार्ले बळग', म्हणजे पेलिकनांचा गोतावळा. २००७ मध्ये सरकारने गावाला सामुदायिक राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. पण गावाची मूळ समजूत सरकारच्या कोणत्याही कलमापेक्षा जुनी आहे: हे पक्षी म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी.

आणि येथे माझे भिंग पार फजीत झाले. घरटी डोक्यावर वीस-पंचवीस फुटांवर. ७० मिलिमीटरवर धरले तरी पक्षी चौकटीत मावेना; कधी चोच बाहेर, कधी झोळी. जे दूरचे पाहावयासाठी मी जवळचे भिंग विकले, ते दूरचे येथे अंगणातच येऊन बसले होते.

निराश होऊन मी नेहमीच्या सवयीने माणसे शोधू लागलो. गल्लीच्या पलीकडच्या टोकाला एका घराच्या ओट्यावर एक वृद्ध बाई बसली होती. कपाळ कोरे, पातळाचा पदर खांद्यावरून घेतलेला, एक हात डोळ्यांवर धरून ती कुठेतरी वर पाहत होती. मी एका बैलगाडीच्या चाकावर तांदळाची पिशवी ठेवली, ३०० वर नेम धरला आणि पाच-सहा चित्रे घेतली. मागच्या काचेवर पाहिले, आणि मनात लगेच नाव उमटले: 'प्रतीक्षा'. त्या वर पाहणाऱ्या चेहऱ्यात मला कऱ्हाडकडच्या आमच्या गावी उंबऱ्यात बसलेली आई दिसली होती. तिलाही असाच डोळ्यांवर हात धरण्याची सवय आहे. मुलगा परमुलखात आणि म्हातारी वाटेकडे डोळे लावून. या चित्राला कुठल्यातरी स्पर्धेत बक्षीस मिळेल असेही मनात येऊन गेले, हे लपवीत नाही.

तेवढ्यात ती बाई उठली आणि तडक माझ्याकडे चालत आली. मी कॅमेरा पाठीमागे नेला. चोरी पकडली गेली की माणूस प्रथम तेच करतो. ती काही संतापली नव्हती. तिने हात पुढे केला व म्हणाली, "तोर्सप्पा." मी माझे ते दोन शब्द उच्चारले. तिने मागे वळून हाक मारली, आणि घरातून पंधरा-सोळा वर्षांचा तिचा नातू बाहेर आला. त्याला शाळेतली आणि सिनेमातली थोडी हिंदी येत होती. तो म्हणाला, "अज्जी म्हणते, फोटो दाखव." अज्जी! हा शब्द मी सहा वर्षांत शेकडो वेळा ऐकला असेन. तो आपलाच आहे हे त्या घटकेला कानाला उमगले.

मी चित्र दाखविले. तिने ते बारकाईने पाहिले आणि काही विचारले. नातू हसू लागला. "अज्जी विचारते, यात पिलू कुठे आहे?"

"कसले पिलू?"

त्याने बोट वर केले. ज्या चाकाआड मी उभा होतो, त्याच्या अगदी वरच्या फांदीवर, घरट्याच्या काठाशी, एक ओबडधोबड पांढरे पिलू अर्धे बाहेर लोंबत होते. सकाळपासून ते तसे होते. ते पडेल म्हणून अज्जी ओट्यावर बसून त्याच्यावर लक्ष ठेवून होती. पडले की नातवाने धावत जाऊन कुत्र्यांच्या आधी ते उचलावयाचे, असा त्यांचा बेत होता. माझ्या भिंगाची दृष्टी त्या टोकाला पाच अंशांच्या आसपास असते. त्या पाच अंशांत मला तिचा चेहरा दिसला, सुरकुत्या दिसल्या, आईही दिसली. ती बाई ज्याच्याकडे पाहत होती ते माझ्याच डोक्यावर होते आणि तेवढे दिसले नाही.

मी पुरता ओशाळलो. 'प्रतीक्षा' हे नाव तिला सांगण्याची सोय नव्हती, हेच नशीब. मग मला काय वाटले कोण जाणे, मी नातवाला म्हणालो, "अज्जीला विचार, त्यांचा एक फोटो काढू का?" हा प्रश्न मी आयुष्यात प्रथमच कोणाला विचारीत होतो. तिने तो ऐकला, ओट्यावर जाऊन ताठ बसली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "हत्तिर बारप्पा." जवळ ये.

मी जवळ गेलो. भिंग घरघरले आणि थांबले. दीड मीटरच्या अलीकडचे त्याला दिसतच नाही. मी मागे सरलो. ती पुन्हा म्हणाली, "हत्तिर बा." मी पुन्हा पुढे झालो, भिंगाने पुन्हा नकार दिला. ती बोलावीत होती आणि मी मागे मागे जात होतो, तो शेवटी माझी पाठ गोठ्याच्या दावणीला लागली आणि आतल्या म्हशीने माझी कॉलर चाटली. अज्जी तोंडाला पदर लावून हसली. नातवाने माझ्या अडचणीचे कारण विचारले. मी म्हणालो, "हे दूरचे भिंग आहे. जवळचे याला नीट दिसत नाही." त्याने ते तिला सांगितले. ती जे बोलली ते त्याने आढेवेढे घेत मला सांगितले: "अज्जी म्हणते, अज्जीचे डोळे पण असेच झाले होते. मंड्याला ऑपरेशन केले."

शेवटी मी बरोबर दीड मीटरावर गुडघे टेकून बसलो आणि ७० वर धरून एक चित्र घेतले. मग नातवाने स्वतःच्या मोबाइलवर आम्हा दोघांचे एकत्र चित्र काढले. त्यात अज्जी आहे, मी आहे, म्हैस आहे, चिंच आहे, आणि वरच्या कोपऱ्यात ते लोंबते पिलूही आहे.

ते पिलू मी असतानाच दुपारी पडले. नातवाने ते गोणपाटात धरले व कुंपणाकडे घेऊन गेला. मी त्याच्या मागोमाग गेलो. पण त्याचे चित्र घेतले नाही. घेता आलेही नसते. ते फार जवळ होते.

घरी येऊन चित्रे मोठ्या पडद्यावर पाहिली. ३०० चे ते चोरून घेतलेले चित्र मऊ, किंचित हललेले, पातळाच्या काठाला जांभळी कड असलेले होते. ७० वरचे चित्र पाहून मात्र मी चकित झालो. पापणीचा एकेक केस, नथीची रिकामी खूण, बुबुळात उमटलेले दार आणि त्या दारात गुडघ्यावर बसलेला एक इसम. या जातीची स्वस्त भिंगे आखूड टोकाला सर्वांत सरस असतात, हे मी पुढे वाचले. वर्षभर मी त्याला ताणून ताणून त्याच्या दुबळ्या टोकाशीच वापरीत आलो होतो.

त्या उन्हाळ्यात मी दोन गोष्टी केल्या. आमच्या वसाहतीतल्या एका निवृत्त शिक्षकांकडे आठवड्यातून दोन दिवस कन्नड शिकावयास जाऊ लागलो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, तुमचे 'तूप' आमचेच आहे, तुमचे 'अण्णा' आणि 'अक्का'ही आमचेच. तेव्हा घाबरू नका. दुसरी गोष्ट म्हणजे रजेवर गेलो असता आईला ओट्यावर बसवून, दीड मीटरावर गुडघे टेकून, तिचे चित्र काढले. ती म्हणाली, "इतका जवळ येऊन काय बघतोस?" त्या चित्रात तिचे डोळे पाहिले आणि डाव्या बुबुळावर पसरलेला पांढुरका पडदा प्रथमच माझ्या ध्यानी आला. डोळ्यांवर हात धरण्याची ती सवय कशामुळे होती, हे मला तेव्हा समजले. तिने ते आम्हांला सांगितले नव्हते, आणि प्रत्येक सुट्टीत मी तिचे फोटो गॅलरीतून काढीत आलो होतो. पुढच्याच महिन्यात सातारला शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्ष गेले असते तर कठीण होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चित्रांच्या प्रती घेऊन मी पुन्हा कोक्करे बेळ्ळूरला गेलो. चिंचा रिकाम्या झाल्या होत्या; घरट्यांच्या काटक्या तेवढ्या फांद्यांत अडकून राहिल्या होत्या. गाव विलक्षण शांत वाटले. अज्जी ओट्यावरच होती. नातू कोठे तरी गेला होता, त्यामुळे मध्ये दुभाषी कोणी नव्हता. मी तिला दोन्ही चित्रे दिली. जवळचे चित्र तिने कपाळाला लावून आत नेऊन ठेवले. दूरचे चित्र उलटसुलट करून पाहिले आणि मला परत दिले. त्यात पिलू नव्हते ना.

मी बसमध्ये चार वेळा घोकून ठेवलेले वाक्य म्हटले, "अज्जी, मरि एल्लि?" पिलू कुठे आहे?

तिने माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. मग आकाशाकडे हात करून ती भराभर बोलू लागली. त्या लांबलचक उत्तरातले मला फक्त दोन शब्द कळले. एक 'होय्तु', म्हणजे गेले. आणि दुसरा 'तवरुमने', म्हणजे माहेर. बोलता बोलता ती थांबली, माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिले आणि विचारले, "ऊट आय्ता?"

जेवलास का, हे मला न घोकताही कळले. मी कॅमेरा ओट्यावर ठेवला आणि पाय धुण्यासाठी पाणी कोठे आहे ते विचारू लागलो.